अर्ध्या तासाला पकडला जातो तो खुनी नसतो

ब्यूट, मोंटाना
शुक्रवार, १९ फेब्रुवारी

प्रिय विनी,

पाकीट फोडल्याबरोबर तू कागद उलटा करून आधी शेवट वाचशील. लहानपणी पुस्तकांचंही तू हेच करायचीस, आणि मग जेवताना मला सगळं सांगून टाकायचीस. म्हणून आधीच बजावते, या पत्राच्या शेवटी काही नाही. माझं नाव आहे फक्त. तेव्हा मुकाट्याने सुरुवातीपासून वाच.

मी अजून रागावलेली आहे. मे महिन्यात फोन आपटताना मी म्हणाले होते, की मी स्वतः पत्र लिहून बोलावेपर्यंत या घराची पायरी चढायची नाही. हे ते पत्र नाही. पिट्सबर्गमध्ये तू आणि तुझी लेक डीर्ड्री सुखात असाल अशी आशा आहे. हे फक्त बातमीचं पत्र.

बातमी एक: परवा राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला आणि मी तेवढ्यापुरत्या टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका सोडल्या. सगळ्या. नव्या, जुन्या, दुपारी पुन्हा दाखवतात त्यासुद्धा. फादर कीन म्हणाले, "मेना, चॉकलेट सोड ना. बाकीच्या सगळ्या बायका चॉकलेट सोडतात."

"चॉकलेट मला सोडता येतं, फादर. मग त्यात पुण्य कसलं?"

"बरं बाई. मग ईस्टरपर्यंत कोणाचा खून होऊ देऊ नकोस."

बातमी दोन, आणि खरं तर हीच सांगायला बसले आहे. काल गुरुवारी संध्याकाळी बिशपला आत घ्यायला मागचं दार उघडलं (बिशप म्हणजे मांजर, तुला आठवत असेलच, त्याने तुझी टोपी फाडली होती), तर पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. अजून गरम. आत दोन पास्ट्या, मैद्याच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजलेल्या. शेजारीपाजारी कोणी नाही, बेल वाजली नाही, चिठ्ठी नाही.

मी भांडं उलटं केलं. खाली चिकटपट्टी नव्हती!

तुला पिट्सबर्गला राहून विसर पडला असेल, पण आपल्या या गावात भांड्याच्या तळाशी नावाची पट्टी लावल्याशिवाय कोणी कोणाच्या घरी वाटीसुद्धा पाठवत नाही. माझा एमेट गेला तेव्हा ओट्यावर भांडीच भांडी होती आणि प्रत्येकाच्या पोटाखाली नाव. इथे मात्र पट्टी होती आणि ती कोणीतरी खरवडून काढली होती. डिंकाचा चौकोन तेवढा उरला होता. विनी, याला पुरावा नष्ट करणं म्हणतात.

मी टीव्ही सोडला आणि दुसऱ्याच दिवशी हे माझ्या दारात आलं. देवाला विनोदबुद्धी आहे असं आपल्या शाळेतल्या सिस्टर परपेच्युआ कधीच म्हणाल्या नसत्या, पण आहे.

तुझी बहीण,
मेना

ता. क. हे आमंत्रण समजू नये.


शनिवार, २७ फेब्रुवारी

विनी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हते. टपालपेटी रोज उघडते ती विजेच्या बिलासाठी.

परवा पुन्हा भांडं आलं. पुन्हा गुरुवार. आता मी तपास रीतसर हाती घेतला आहे. झाकणावर कोको पावडर भुरभुरली, एमेटच्या दाढीच्या ब्रशने हलकेच झटकली. ठसे मिळाले. सगळे माझे, आणि एका कडेला बिशपचा पंजा.

मग विचार केला. गोमांसाच्या पास्ट्या गुरुवारी येतात, शुक्रवारी नाही. म्हणजे उपवासकाळात शुक्रवारी मांस चालत नाही हे गुन्हेगाराला ठाऊक आहे. म्हणजे तो कॅथलिक आहे. दोन गल्ल्यांपलीकडची माझी मैत्रीण ब्लांच मेथडिस्ट, त्यामुळे ती सुटली. तिला तसं सांगितलं तर म्हणते, "उपकार झाले."

पास्टी कशी होती विचारशील, तर बटाट्याच्या चकत्या, फोडी नव्हेत. सलगम भरपूर. मिरी थोडी जास्त. मी उभ्याउभ्याच खाल्ली. हल्ली ताट घेऊन बसवत नाही. गुरुवारी तर नाहीच.

गुरुवारचं तुला माहीत आहे. किंवा माहीत नाही, कारण तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आम्ही दोघं बारा वर्षं दर गुरुवारी मांडीवर पास्टीचं ताट घेऊन 'नॉर्थ व्हार्फ' बघायचो. मी दहा मिनिटांत खुनी ओळखायचे. एमेटला एकदाही ओळखता आला नाही. एकदाही! सुरुवातीची गाणीबिणी संपायच्या आत तो काटा उगारून म्हणायचा, "हाच." एकदा तर त्याने ज्याच्याकडे काटा रोखला, पुढच्याच क्षणी त्या माणसाचा खून झाला.

"तू पोलिसात असतास तर गाव रिकामं झालं असतं," मी म्हणायचे.

"बरं झालं असतं. बर्फ काढायला सोपं." तो नगरपालिकेची बर्फाची गाडी चालवायचा, प्रत्येक गोष्ट शेवटी बर्फावर जायची.

मी त्याला एवढा एक नियम शिकवू बघत होते, की अर्ध्या तासाला ज्याला बेड्या पडतात तो कधीच खुनी नसतो. उरलेला अर्धा तास मग कशाला ठेवलाय? पण त्याचं आपलं, "पकडला ना? चल, झोपू या."

मालिकेच्या शेवटच्या वर्षी तिच्यातल्या लेफ्टनंट क्वेलच्या पोलीस जोडीदाराला कोणी मारलं हे कोडं वर्षभर चाललं होतं. एप्रिलमध्ये इस्पितळात एमेटने मला खाली वाकायला लावलं आणि कानात एक नाव सांगितलं. "लिहून ठेव. या वेळी मीच बरोबर." मी हसले. मग तो गेला.

शेवटचा भाग मेमध्ये होता. मी ताट वाढून टीव्हीसमोर बसले होते. तुमच्याकडे तो आमच्या तासभर आधी दाखवतात हे मी विसरले होते, तू विसरली नव्हतीस. फोन वाजला. "मेना! डॉक्टरची बायको! अगं, डॉक्टरची बायको निघाली!"

एमेटने ते नाव सांगितलं नव्हतं.

म्हणजे तो शेवटच्याही वेळी चुकला, आणि चिडवायला समोर माणूस नाही. मी फोनवर काय काय बोलले ते आता आठवत नाही, तुला आठवत असेल. भाग रेकॉर्ड झालेला आहे. मी तो पाहिलेला नाही. लोकांना वाटतं, दोन म्हाताऱ्या टीव्हीवरून भांडल्या. वाटू दे.

असो. भांडं धुऊन ठेवलं आहे. पण कोणाला परत करू?

मेना

ता. क. हेही आमंत्रण नाही.


रविवार, ७ मार्च

विनी,

गुन्हेगार सापडला! बस खाली.

गुरुवारी दुपारपासून बर्फ पडत होता. संध्याकाळी भांडं आलं आणि त्याच्यासोबत पावलं आली. मी मोजायची टेप घेऊन बाहेर गेले. मोठे बूट, पुरुषाचे, आणि उजवा पाय ओढत चाललेला. दोन ठशांच्या मध्ये बर्फात लांब रेघ. या गावात असा एकच पाय आहे. खाणीत मोडलेला, मिर्को वुकोविचचा.

आता सगळं जुळतं. मिर्को कॅथलिक. मिर्को विधुर. मिर्को न विचारता माझ्या दारातला बर्फ काढतो. मागच्या रविवारी चर्चमध्ये मिसा संपल्यावर टोपी काढून म्हणाला, "जेवतेस ना वेळेवर?" मी लग्न झालेल्या बायकांच्या पद्धतीने हो म्हणाले आणि निघाले. पण तो मला पाहतच राहिला होता, विनी. म्हणजे त्याला मोतीबिंदू आहे, पण दिशा माझीच होती.

मी सरळ ब्लांचकडे गेले. हल्ली ती दार अर्धवटच उघडते. म्हणते न्हाणीघराचं काम काढलंय. पण मी आत शिरले.

"मिर्को माझ्या प्रेमात पडला आहे," मी सांगितलं.

ब्लांचचा चहा नाकात गेला. "आपला मिर्को?"

"पुरावे आहेत माझ्याकडे."

"मेना, त्या माणसाला अंडं उकडता येत नाही. बायको गेल्यापासून डब्यातलं सूप खातो. कधीकधी गरमसुद्धा करत नाही."

"प्रेमात माणूस शिकतो."

"हो गं बाई, काय काय शिकतो," असं म्हणून ती छताकडे बघायला लागली. तेवढ्यात वरच्या खोलीत धप्पकन काहीतरी पडलं.

"उंदीर," ब्लांच म्हणाली.

"मोठा दिसतो."

"मोठा आहे. आणि इतका हट्टी, की पिंजऱ्यात चीज ठेवून भागत नाही. लेखी बोलावणं लागतं."

ब्लांचचं वय झालं आता. टेबलावर दोन कप काढलेले होते, एकटीसाठी. टपाल आलं होतं ते मी तिला उचलून द्यायला गेले तर पटकन एका पाकिटावर बसली आणि मी निघेपर्यंत उठली नाही. घरात लव्हेंडरच्या पावडरीचा वास येत होता, तुझ्यासारखा. तिला कधीपासून आवडायला लागला कोण जाणे. तू तिला एकदा फोन कर, माझ्याकडून नको सांगूस, पण तिच्याकडे कोणीतरी लक्ष द्यायला हवं.

मिर्कोला नाही म्हणायचं हे ठरलेलं आहे. पण कसं? लेफ्टनंट क्वेल काय करतो, सगळ्यांना एका खोलीत जमवतो, एकेकाला निर्दोष ठरवतो आणि शेवटी वळतो. संत पॅट्रिकच्या सणाच्या जेवणाला सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये असेल.

मेना

ता. क. पास्टी या वेळी फार छान होती. आईची आठवण झाली. मिर्कोला कोणी शिकवलं असेल?


बुधवार, १७ मार्च

विनी,

मला पिट्सबर्गला यायचं आहे. किंवा अलास्काला. जिथे मला कोणी ओळखत नाही तिथे.

जेवण वाढून झालं होतं. खारवलेलं मांस, कोबी, बटाटे, सगळ्यांच्या कोटाला हिरवं काहीतरी. मी उठले आणि चमच्याने पेला वाजवला. फादर कीनना वाटलं मी गाणार. त्यांनी काटा खाली ठेवला.

"या खोलीत," मी म्हणाले, "एक माणूस आहे, जो गेले चार आठवडे अंधार पडल्यावर माझ्या मागच्या दारी येतो."

विनी, ही ओळ घरी आरशासमोर म्हटली तेव्हा तशी वाटली नव्हती.

मी पुढे गेले. ब्लांचला निर्दोष ठरवलं, धर्माच्या कारणाने. फादरना निर्दोष ठरवलं, कारण त्यांची पास्टी मी दोन वर्षांपूर्वी खाल्ली आहे. मग मी वळले.

"मिर्को वुकोविच, मी तुझा आदर करते. पण माझं मन एमेटजवळ आहे आणि तिथेच राहणार. तेव्हा पास्ट्या थांबव."

मिर्को उभा राहिला. मानेपासून टकलापर्यंत लाल. टोपी हातात पिळत होता. "मेना, बाई, मी नुसता पोचवतो गं. मला सांगितलं होतं, भांडं ठेव आणि पळ. मला पळता येत नाही, म्हणून चालत जातो."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मी शक्य तेवढ्या मोठ्याने विचारलं, "कोणी सांगितलं?"

आणि हसू बंद! सगळा हॉल ताटातल्या कोबीकडे बघायला लागला. एकूण एक माणूस. इतकं लक्ष देऊन या गावाने कोबी कधी खाल्लेला नाही.

"फादर?" मी म्हणाले.

"मला काही माहीत नाही," फादर कीन म्हणाले, "आणि जे माहीत आहे ते कबुलीच्या वेळी ऐकलेलं आहे."

मिर्कोनेच मला गाडीतून घरी सोडलं. वाटेत मी खिडकीबाहेरचा बर्फ बघत होते. मग तो म्हणाला, "मला वाईट नाही वाटलं हं. एवढ्या वर्षांत कोणी मला नकारसुद्धा दिला नव्हता."

"मी दहा मिनिटांत खुनी ओळखते, मिर्को. दहा मिनिटांत. आज माझं काय झालं?"

"होतं असं. नॉर्थ व्हार्फच्या शेवटाला मीपण चाट पडलो होतो."

"मी पाहिलाच नाही तो. पाहायचं काय त्यात? डॉक्टरची बायको."

मिर्कोने भर रस्त्यात ब्रेक दाबला. "डॉक्टरची बायको? तिला तर अर्ध्या तासाला..." आणि त्याने आपल्याच हाताने आपलं तोंड धरलं. दारात सोडेपर्यंत एक अक्षर नाही. कोणाला काही विचारलं की हल्ली हे गाव तोंड धरून बसतं.

आज सण आहे. फादरनी सणापुरती सूट दिली आहे, चॉकलेटला दिली म्हणजे मालिकेलाही दिली असं मी धरते. मी ताट वाढून घेतलं आहे. बसून खाणार आहे. बिशप एमेटच्या खुर्चीत चढून बसलाय. बसू दे.

रेकॉर्डर सुरू करते आहे.

मेना


शुक्रवार, १९ मार्च
मिर्कोच्या हाती

प्रिय विनी,

पाकिटावरचा पत्ता बघ. 'ब्लांच ट्रेझोना यांचं घर, वरची खोली.' बुधवारचं पत्र टपालात टाकलं नव्हतं, तेही यासोबत आहे. उगाच पिट्सबर्गला जाऊन डीर्ड्रीच्या हातून परत इथे कशाला यायला हवं? दोन गल्ल्यांचं तर अंतर.

काल भांडं आलं. मी पास्टी ताटलीत घेतली आणि टेबलाशी बसले. चार आठवडे मी झाकण तपासलं, तळ तपासला, बर्फ मोजला आणि पुरावा मात्र उभ्याउभ्या खाऊन टाकला. काल पहिल्यांदा खाण्याआधी पास्टीकडे नीट पाहिलं. तिच्या कडेच्या मुरडीचे पीळ उलटे होते. माझे उजवीकडून पडतात. हे डावीकडून.

'खुनी डावखुरा आहे.' लेफ्टनंट क्वेलच्या तोंडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

शाळेत सिस्टर परपेच्युआ तुझा डावा हात रिबिनीने खुर्चीला बांधायच्या आणि उजव्याने 'अवे मारिया' लिहून घ्यायच्या. तुझी ती अक्षरं वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची. मग घरी येऊन तू ओट्याशी गप्प उभी राहायचीस आणि आई पिठाचा गोळा पुढे सरकवून म्हणायची, "इथे कोणी नन नाही. ज्या हाताने येते त्या हाताने घाल मुरड." बाबा खाणीतून परत आले की डबा ठेवता ठेवता सांगायचे, "आज विनीची होती." खाली अंधारात, बोटांनी चाचपून ओळखायचे ते. आणि मी दिव्याखाली चष्मा लावून खात होते.

मग उरलेलं सगळं आपोआप उलगडलं. लव्हेंडर. दोन कप. ब्लांच ज्यावर बसली ते माझं पत्र होतं. आणि तो उंदीर! विनी, मिर्को माझ्या प्रेमात पडल्याचं मी खाली सांगत होते आणि तू वर काय पाडलंस? खुर्चीवरून तूच पडलीस ना?

ब्लांचला फोन केला. तिने सगळं कबूल केलं, कबूल करताना इतकी हसली की दोनदा फोन खाली पडला. राखेच्या बुधवारच्या आधीच आलीस म्हणे. मिसेला वरच्या आळीतल्या चर्चमध्ये जायचीस आणि कबुलीला मात्र आपल्या फादरकडे, शनिवारी, मी बिंगोला असताना. सगळ्या गावाला माहीत होतं. एका मलाच नव्हतं. ब्लांच म्हणाली, "मी तिला रोज सांगायची, जाऊन दार वाजव. तर म्हणते, मेनाने पत्र लिहून बोलवीन म्हटलंय, ती लिहील."

मी कोट घालून तुमच्या कोपऱ्यापर्यंत आले होते. वरच्या खिडकीत तुझा हिरवा कोट टांगलेला दिसला. कोपर अजून तसंच फाटलेलं. मी परत फिरले. पत्र लिहीन म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आता शेवटाबद्दल. मी तो पाहिला. विनी, तू झोपलीस! डॉक्टरच्या बायकोला बेड्या पडल्या आणि तू एमेटसारखी समजलीस की झालं, संपलं. डोळा लागला, नंतर नावांची पाटी सरकताना जागी झालीस आणि मला फोन केलास. जगातला सगळ्यात सोपा नियम, आणि तो तुलाही माहीत नाही, आणि मी, मी तर तो शिकवते, मी तुझ्या शब्दावर दहा महिने विश्वास ठेवला.

डॉक्टरच्या बायकोने काही केलेलं नाही. कोणी केलं ते मी सांगणार नाही. तू मर, मी सांगणार नाही. फक्त एवढंच सांगते.

एमेट बरोबर होता.

बारा वर्षांत एकदा, आणि तेही इस्पितळाच्या खाटेवरून, ऑक्सिजनची नळी नाकात असताना. क्वेलने ते नाव उच्चारलं आणि मी ताटासकट उभी राहिले. "अरे गाढवा, बरोबर!" असं त्याच्या खुर्चीकडे बघून ओरडले. बिशप कोचाखाली पळाला तो सकाळपर्यंत आला नाही. मग मी रडले, मग हसले, मग थंड झालेला बटाटा खाल्ला. मेमध्ये मी हे पाहिलं असतं तर नुसती रडले असते. कोणाला माहीत. हे तुझे आभार नाहीत. पण जवळपास तेच आहे.

तेव्हा या घडीला या गावात खुनी कोण हे माहीत नसलेली तू एकटी आहेस. मी फादर, मिर्को, ब्लांच, सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. तुला कोणी सांगितलं तर माझ्याशी गाठ.

तुझी भांडी मिर्कोबरोबर पाठवते आहे. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून वरच्या भांड्यात सोडा ब्रेड आहे. एका बाजूने करपला आहे, मी लिहीत होते. प्रत्येक भांड्याच्या तळाशी पट्टी लावून तुझं नाव घातलं आहे, म्हणजे पुन्हा कोणाला खरवडावंसं वाटलं तर नखं तुटतील.

रविवारी उपवास नसतो, हे तुला मला सिस्टर परपेच्युआंनीच शिकवलंय. रविवारी सहा वाजता. पास्ट्या तू आण, माझ्या मुरडी सुटतात. मागच्या दाराने नाही, पुढच्या. बेल वाजव.

हे ते पत्र आहे.

तुझी,
मेना

ता. क. तू हा शेवट सगळ्यात आधी वाचणार हे मला माहीत आहे. म्हणून इथेही लिहून ठेवते. ये. आणि दुपारी झोप काढून ये.